अलाइनमेंटच्या आधी रबर बघा

अलाइनमेंट केल्याने गाडीतला एकही भाग दुरुस्त होत नाही. वाक्य अतिशयोक्त वाटेल, पण टायरच्या दुकानात प्रत्यक्ष काय घडतं ते आठवून पाहा. चाकांना क्लॅम्प लागतात, पडद्यावर लाल आकडे उमटतात, कामगार गाडीखाली जाऊन टाय रॉडचा, म्हणजे स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणाऱ्या दांडीचा, नट सैल करतो, रॉड थोडासा फिरवतो, लाल आकडे हिरवे होतात आणि नट पुन्हा आवळला जातो. झिजलेलं जे होतं ते झिजलेलंच राहतं, फक्त चाकांची दिशा नव्याने लावली जाते. सगळे सांधे घट्ट असतील तर हे काम अगदी चोख आणि उपयोगाचं आहे. सांधे ढिले असतील तर त्या हिरव्या आकड्यांना दुकानाच्या फाटकापर्यंतच अर्थ असतो. आणि सांधे घट्ट आहेत की नाहीत, हे त्या पडद्यावर कुठेच दिसत नाही. पावसाळा संपला की गावोगावच्या टायरच्या दुकानांपुढे जी रांग लागते, तिच्यातल्या किती जणांनी आधी सांधे तपासून मागितले असतील? माझं म्हणणं एवढंच आहे की, खाजगी गाडीवाल्याने पुढच्या चाकांच्या बाबतीत एकच गोष्ट नियमाने बघायची ठरवली, तर ती अलाइनमेंटचा कागद नसावी. ती बॉल जॉइंटवरचं रबर असावी.

बॉल जॉइंट म्हणजे काय, हे समजायला गाडीखाली लोळावं लागत नाही. पुढच्या चाकाला दोन तऱ्हांनी हलायचं असतं: खड्ड्यात आणि उंचवट्यावर वरखाली, आणि वळणावर डावीउजवीकडे. चाक ज्या दणकट ओतीव भागावर बसतं त्याला गॅरेजवाले नकल म्हणतात, आणि गाडीच्या सांगाड्यापासून त्या नकलपर्यंत येणाऱ्या आडव्या हाताला लोअर आर्म. या दोघांना जोडणारा सांधा दोन्ही हालचाली होऊ देणारा हवा, पण तिसरी, म्हणजे चाक जागचं सरकण्याची हालचाल त्याने मुळीच होऊ देता कामा नये. आपल्या खुब्याच्या सांध्यासारखीच ही रचना आहे, गोळा आणि खोबण. घोटून गुळगुळीत केलेला पोलादी गोळा, त्याला घट्ट कवेत घेणारी कठीण प्लास्टिकची बैठक, त्यात कारखान्यातच भरलेलं थोडंसं ग्रीस, गोळ्याला जोडलेली एक जाड दांडी, आणि दांडी जिथून बाहेर येते तिथे घड्या असलेली, मुठीत मावेल एवढी रबरी टोपी. या टोपीला बूट म्हणतात. टाय रॉडच्या टोकाला आणि वळणावर गाडी कमी कलावी म्हणून असलेल्या दांडीला चाकाच्या बाजूशी जोडणाऱ्या लिंक रॉडच्या दोन्ही टोकांनाही याच जातीचे, पण लहान सांधे असतात.

हा सांधा मोटारींत पहिल्यापासून नव्हता. आधी किंगपिन असे: एक उभी पोलादी खीळ, तिच्याभोवती चाक वळायचं. अमेरिकेत लिंकनने १९५२ मध्ये आणि फोर्डने १९५४ मध्ये पुढच्या चाकांना बॉल जॉइंट दिले आणि पुढे जगभर तेच रूढ झाले. तिकडे अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याने स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात बसवण्याची युक्ती काढली. १९५० च्या फोर्ड कॉन्सलमध्ये ती आली आणि १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० बरोबर आपल्या मध्यमवर्गाच्या दारात. त्याआधीच्या अँबॅसिडर आणि पद्मिनीला खाली जागोजाग ग्रीसचे निपल होते. ठरावीक अंतरानंतर ग्रीसगन घेऊन कोणीतरी गाडीखाली शिरायचंच, आणि ग्रीस भरता भरता त्याला बुश, पाइप, नट-बोल्ट सगळं दिसायचं. कारखान्यातच ग्रीस भरून बंद केलेल्या बॉल जॉइंटने ही कटकट संपवली. 'आयुष्यभर देखभाल नको' असं त्याचं कौतुक झालं आणि ते खरंही होतं, कारण बाहेरून भरायला काही उरलंच नव्हतं. पण ग्रीसगनबरोबर ती नजरही गेली. सोय आपण घेतली, तिच्याबरोबर एक जबाबदारी आपल्यावर आली हे मात्र कुणी सांगितलं नाही. आता त्या सांध्याकडे मुद्दाम बघितलं तरच तो दिसतो.

मुद्दाम काय बघायचं? रबर. आतला गोळा आणि बैठक एकमेकांवर घासत असले तरी ग्रीस स्वच्छ आहे तोवर झीज फार सावकाश होते. रबराला चीर गेली की हिशेबच बदलतो. पावसाचं पाणी आणि चिखल आत जातो, ग्रीस धुऊन निघतं किंवा त्यात बारीक रेती मिसळते, आणि ते ग्रीस झीज थांबवण्याऐवजी घासायचंच काम करू लागतं. गोळ्यावर गंज धरला की त्याचा गुळगुळीतपणा जातो आणि तो प्रत्येक वळणाला प्लास्टिकची बैठक खरवडतो. कोकणातली तांबडी माती, देशावरचा काळा चिखल, समुद्राकाठची खारी हवा, मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून काढलेली गाडी, यांतलं काहीही त्या चिरेला पुरतं. रबर फाटायलाही फार मोठं कारण लागत नाही. उन्हाने आणि वयाने ते कडक होतं, खडी उडून लागते, गॅरेजात दुसरंच काही उघडताना टॉमी, म्हणजे उचकायची लोखंडी कांब, निसटतो. जोराच्या पाण्याने खालून गाडी धुण्याची हौसही इथे नडू शकते. तो झोत बुटाच्या कडेवर जवळून मारला तर शाबूत रबराखालूनही पाणी आत ढकललं जातं.

हे केवळ गॅरेजातलं शहाणपण नाही. अमेरिकेत २००६ मध्ये जीप लिबर्टी या गाड्या, २००२ पासूनच्या, आठ लाखांच्या वर परत बोलावल्या गेल्या. कारण पुढच्या खालच्या बॉल जॉइंटचं सील नीट न टिकल्याने आत पाणी जाऊन गंज चढत होता आणि जॉइंट सुटण्याचा धोका होता. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी नावाची तपासणी सक्तीची असते. तिच्या नियमांत हा रबरी बूट स्वतंत्रपणे नोंदवला आहे. बूट बराच खराब झालेला असेल तर किरकोळ दोष. तो जागेवर नसेल किंवा धूळ-माती अडवण्याच्या स्थितीत नसेल तर मोठा दोष, म्हणजे गाडी नापास. इथे जॉइंट ढिला झालेला असण्याची अटच नाही. त्या नियमामागचा विचार साधा आहे: रबर फाटलं, म्हणजे जॉइंटचे दिवस मोजायला सुरुवात झाली. आपल्याकडे खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तेवढ्या काळात तिच्या सांध्यांकडे बघणारी सरकारी नजर नाही. टॅक्सी-ट्रकला ठरावीक मुदतीने फिटनेसला जावं लागतं. खाजगी मालकाला फक्त पीयूसी काढावी लागते आणि ती गाडीच्या धुरापलीकडे काही पाहत नाही. तेव्हा हा डोळा मालकाचाच असावा लागतो.

आता अलाइनमेंटकडे परत वळू, कारण तिचं महत्त्व कमी करण्याचा माझा हेतू नाही. पडद्यावर तीन कोन मुख्य असतात. टो म्हणजे वरून पाहिलं असता चाकं एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून दूर वळलेली असणं. कॅम्बर म्हणजे समोरून पाहिलं असता चाकाचा माथा आत किंवा बाहेर झुकलेला असणं. कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा पुढे-मागे कल. आपल्या बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या चाकांचा टो तेवढा सहज लावता येतो. बाकीचे दोन कोन कारखान्यात ठरलेले असतात आणि ते बिघडले असतील तर काहीतरी वाकलेलं, झिजलेलं किंवा सरकलेलं आहे, असा त्याचा अर्थ. टो किती नाजूक आहे याचा एक हिशेब करून बघण्यासारखा आहे. चौदा इंची रिमचा व्यास सुमारे ३५६ मिलिमीटर. दोन्ही चाकांत रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेमध्ये एकेक मिलिमीटरची चूक असेल, तर भूमितीप्रमाणे प्रत्येक किलोमीटरला टायर जवळजवळ २.८ मीटर आडवा फरफटला जातो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचं अंतर ९४.५ किलोमीटर. एका फेरीत ही आडवी फरफट अडीचशे मीटरांच्या वर जाते. टायरची आतली किंवा बाहेरची कड काही महिन्यांत गुळगुळीत का होते, हे यावरून लक्षात यावं.

एक मिलिमीटरचा प्रश्न एवढा गंभीर असेल, तर ज्या सांध्यातच एखाद्या मिलिमीटरची ढिलाई आहे त्याचं काय? मशीनवर गाडी उभी असते. तिच्या वजनाने आणि टायरच्या पकडीने ढिला जॉइंट एका बाजूला दबून बसतो आणि त्या अवस्थेतला आकडा पडद्यावर येतो. रस्त्यावर ब्रेक मारला की चाक मागे खेचलं जातं, वळणावर आत-बाहेर ढकललं जातं, खड्ड्यात आणखी तिसरीकडे. प्रत्येक वेळी नकलचं खालचं टोक त्या ढिलाईएवढं सरकतं, टाय रॉड मात्र आपल्या जागी असतो, म्हणून टो आणि कॅम्बर दोन्ही बदलतात. मशीनने दाखवलेला आकडा खोटा नव्हता. फक्त तो एका क्षणाचा होता. दर पाच हजार किलोमीटरला अलाइनमेंट करूनही गाडी टायर खातेच आहे अशी तक्रार ज्यांची असते, त्यांनी दुकान बदलण्याआधी सांधे आणि आर्म सांगाड्याला जिथे जोडलेला असतो तिथले रबरी बुश तपासून घ्यावेत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: गाडी सरळ चालते, आवाज येत नाही, मग उगाच कशाला खोलायचं? आवाजाची गंमत अशी की खडबडीत रस्त्यावर खटखट बहुधा आधी लिंक रॉड करतो, आणि त्याच्यापासून मोठा धोका नसतो. बॉल जॉइंट बराच काळ मुकाट राहू शकतो. स्टिअरिंग पूर्ण वळवताना येणारी करकर किंवा गतिरोधकावरून हळू जाताना येणारा एकच जड ठोका, या त्याच्या खुणा आहेत, पण त्या येतीलच असं नाही. आणि त्याचा शेवट टायरसारखा हळूहळू होत नाही. बैठक एका मर्यादेपलीकडे झिजली की गोळा खोबणीतून निसटतो, नकलचं खालचं टोक मोकळं होतं आणि चाक मडगार्डखाली तिरकं दुमडतं. पुष्कळदा हे गाडी मागेपुढे घेताना, पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगवर घडतं आणि माणसं बचावतात. द्रुतगती मार्गावर घडलं तर स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. इतर बहुतेक झिजणारे भाग गैरसोय करतात. हा भाग गाडीचा ताबा काढून घेतो. २०२३ च्या जुलैत मारुतीने एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९ गाड्या स्टिअरिंगच्या टाय रॉडमधल्या संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या. तो वयाने आलेल्या झिजेचा प्रश्न नव्हता, पण चाकाला दिशा देणाऱ्या साखळीतला एक लहान भाग तुटण्याची शक्यता कंपनीने किती गंभीरपणे घेतली, ते त्यातून दिसतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रबर शाबूत असूनही जॉइंट जाऊ शकतो. टोयोटाने २००५ मध्ये अमेरिकेत सात लाखांहून अधिक पिकअप आणि एसयूव्ही याच भागासाठी परत बोलावल्या, तेव्हा दोष रबरात नव्हता, गोळ्याच्या पृष्ठभागावर कारखान्यातच राहिलेल्या चऱ्यांत होता. खोल खड्ड्यात चाक आपटलं तर धड रबराआडची बैठकही चेपू शकते. म्हणून रबर बघणं पुरेसं नाही, हे मान्य. पण त्याने सुरुवात करावी, कारण ते बघायला अवजार लागत नाही आणि ढिलाई येण्याआधीच ते बोलतं. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवावं, मोबाइलचा दिवा चाकामागे धरावा आणि फडक्याने टोपी पुसावी. चांगलं रबर दाबल्यावर मऊ लागतं आणि सोडल्यावर फुगून पूर्ववत होतं. घड्यांच्या तळाशी, जिथे नजर सहसा जात नाही, तिथे बारीक भेगा आधी पडतात. टोपीभोवती काळपट, चिकट चिखलाचं कडं जमलेलं असेल, तर ते आतलं ग्रीस बाहेर आलेलं असतं. त्यानंतर पुसून पाहायचीही गरज उरत नाही. टायरवरही तळवा आडवा फिरवून बघावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत लागलं, तर टो बिघडलेला आहे.

ढिलाई तपासणं मात्र जाणत्याकडून करून घ्यावं, आणि त्यातही एक मेख आहे. स्विफ्ट, आय-टेनसारख्या गाड्यांत स्प्रिंग वरच्या खांबात असते. अशा गाडीचा बॉल जॉइंट गाडीचं वजन पेलत नाही, चाकाला फक्त जागेवर धरतो. ती सांगाड्याखाली जॅक लावून उचलली, चाक लोंबतं ठेवलं, आणि आर्म व नकलच्या मध्ये टॉमीने हलकेच उचकून पाहिलं की प्ले, म्हणजे ढिलाई, दिसतो. इनोव्हासारख्या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकलेली असते. तिथे सांगाडा उचलला तर स्प्रिंगचा दाब जॉइंटला घट्ट धरून ठेवतो आणि झिजलेला सांधाही धडधाकट वाटतो. जॅक आर्मखाली, चाकाच्या जवळ लावला तरच खरं कळतं. चाक वर-खाली धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर तो बेअरिंगचाही असू शकतो. दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरल्यावर तो नाहीसा झाला, तर दोष बेअरिंगचा. घरच्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही शिरू नये, आणि विटांवर गाडी टेकवण्याचा उद्योग तर मुळीच करू नये.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि विश्वासाचा. 'बॉल जॉइंट गेलाय साहेब' हे वाक्य गिऱ्हाइकाला घाबरवायला फार सोयीचं आहे, हे मेकॅनिक मंडळीही खाजगीत मान्य करतील. पण म्हणून सगळ्याच इशाऱ्यांकडे पाठ फिरवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. सुदैवाने हा दोष डोळ्यांनी पाहता येतो. टॉमी लावल्यावर सांधा हलताना मला दाखवा, एवढं म्हणायचा हक्क प्रत्येक गिऱ्हाइकाला आहे. बदललेला भागही मागून घ्यावा. नव्या जॉइंटची दांडी बोटांनी फिरवायला जोर लागतो. झिजलेल्या जॉइंटची दांडी आपल्याच वजनाने लोळते. खर्चाचं म्हणाल, तर लहान गाडीचा बॉल जॉइंट हा चार टायरांच्या मानाने किरकोळ भाग आहे. काही गाड्यांत तो आर्मसकट बदलावा लागतो, तेव्हा बिल वाढतं, पण बुशही नवे मिळतात. ज्या भागावर चाक टिकून आहे तिथे बिनबिलाचा, बिननावाचा माल घालून दोन पैसे वाचवण्यात मात्र अर्थ नाही. फाटलेल्या बुटातून सिरिंजने ग्रीस भरण्याचा उपायही काही ठिकाणी सुचवला जातो. आत रेती शिरलेली असताना वरून भरलेलं ग्रीस तिला बाहेर काढत नाही. आवाज मात्र काही दिवस बंद होतो, आणि तेच वाईट. चीर अगदी ताजी असेल, आत पाणी गेलेलं नसेल आणि त्या मापाचा सुटा बूट मिळत असेल, तरच फक्त बूट बदलण्याला अर्थ आहे.

काम करून घेताना दोन गोष्टींवर स्वतः लक्ष ठेवावं. बॉल जॉइंट सोडवायला दोन दातांची पाचर घालून वर हातोडा मारण्याची पद्धत आहे. जुना जॉइंट फेकायचाच असेल तर हरकत नाही, पण दुसऱ्याच कामासाठी तो उघडला असेल तर धडका बूट तिथेच फाटतो. आणि आर्मच्या बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी राहिल्यावर. लिफ्टवर चाकं लोंबत असताना आवळले, तर गाडी खाली आल्यावर बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर तुटतं. ही चूक इतकी सर्रास होते की आधीच सांगून ठेवलेलं बरं. एका बाजूचा जॉइंट गेला म्हणून दुसरा बदललाच पाहिजे असं नाही, पण दोघांचं वय सारखंच असतं, म्हणून तो तपासून घ्यावा. क्रम असा ठेवावा: टायरमधली हवा, मग बुश आणि सांधे, मग बदलायचं ते बदलणं, आणि सगळ्यांत शेवटी अलाइनमेंट. पुढच्या वेळी दुकानात गेलात की क्लॅम्प लावण्याआधी पुढची दोन्ही चाकं उचलून सांधे दाखवायला सांगा. नाही म्हणाले तर गाडी तशीच बाहेर काढा.